पंखा बंद करणाऱ्या डॉक्टरबाईंना

स. न. वि. वि.

मॅडम, मावशीला शोग्रेन आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटणारा आजार, हे तुम्ही शोधून काढलंत. तिच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवण्याआधी तुम्ही स्वतः उठून पंखा बंद केलात. सांगलीच्या मे महिन्यात! शर्मर चाचणीत खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला ५ मिलिमीटर रुंद पट्टी ठेवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. वारा लागला तर ओल उडते, आणि कोरड्या डोळ्याला तो वारा मिरचीसारखा झोंबतो. तुम्ही त्या पाच मिनिटांत दुसरा पेशंट आत घेतला नाहीत, स्टूल ओढून मावशीशेजारी बसलात. पट्टी जेमतेम ३ मिलिमीटर भिजली. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे अश्रू खरंच आटलेत.

याआधी "वय झालं, पाणी जास्त प्या" एवढंच ऐकायला मिळालं होतं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, भडंग तोंडात धरवत नाही, दात हिरडीच्या कडेलाच किडतात. किडलेले दात भरून मिळाले, पण लाळ कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. एकाने खाजेसाठी ॲलर्जीची गोळी दिली, दुसऱ्याने झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन. दोन्हींनी तोंड आणखी कोरडं पडतं. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आली आणि फाईल मिटली.

तुम्ही ती उघडलीत. एएनए निगेटिव्ह असली तरी अँटी-रो, म्हणजेच एसएसए, ही रो प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाची तपासणी वेगळी मागवलीत. एएनएच्या स्लाईडवर पेशी पक्क्या करताना रो प्रथिन निघून जाऊ शकतं, म्हणून नुसत्या एएनएवर शोग्रेन नाकारता येत नाही. अँटी-रो पॉझिटिव्ह आली. शोग्रेन ठरवायच्या २०१६च्या निकषांत तिचे ३ गुण आणि शर्मरचा १. चार झाले की पुरे, त्यामुळे ओठाच्या आतून लाळग्रंथीचा तुकडा काढायची वेळ आली नाही. अँटी-रो निगेटिव्ह आली असती, तर मात्र तो काढावाच लागला असता. त्यात ४ चौरस मिलिमीटरला ५० किंवा अधिक लिम्फोसाइट्सचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) किमान एक पुंजका दिसावा लागतो. 'अँटी-ला' या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासणीला या निकषांत गुण नाहीत. ती एकटीच पॉझिटिव्ह आली म्हणून निदान ठरत नाही, हेही तुम्ही न कंटाळता समजावलंत.

डोळ्यांत दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागणार म्हणून प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब, दातांसाठी फ्लोराइड, आणि अचानक हातपाय लुळे पडले तर पोटॅशियम तपासायचं, हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. या आजारात मूत्रपिंडाला आम्ल बाहेर टाकता येईनासं होऊन पोटॅशियम घसरू शकतं, हे माहीत नसेल तर असा पेशंट भलत्याच वॉर्डात पोचतो. कानाखालची सूज टिकून राहिली, पायावर जांभळे ठिपके उठले किंवा रक्तातलं सी४ हे प्रथिन कमी आलं तर थांबायचं नाही, लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरची, शंका घ्यायची, हेही त्याच कागदावर आहे.

पेशंट खोटं बोलत नाही असं धरून चालणारा माणूस भेटला की निम्मं दुखणं हलकं होतं. अशी माणसं आपल्या भागात आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. रक्त घेताना मावशीची बारीक शीर एका टोचणीत धरणाऱ्या तुमच्याकडच्या सिस्टरनाही आमचा नमस्कार सांगा.

आपले,
मावशीच्या घरचे सगळे