लाख कोटी परत आले तेव्हा तुमचा पेपर कुठे होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अंक वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. परत तेच. पहिल्या पानावर लाल बाण, स्क्रीनसमोर डोक्याला हात लावून बसलेला तो माणूस (हा फोटो इतक्यांदा पाहिलाय की उद्या रस्त्यात दिसला तर ओळखेन, बिचाऱ्याचं दरवेळी दिवाळं निघतं), आणि वर ठसठशीत अक्षरात सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) हजार अंकांनी कोसळला, गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले. टक्के किती पडला? पहिल्या पानावर कुठेच नाही. अर्थच्या पानावर शेवटच्या परिच्छेदात सापडलं, सव्वा टक्का. सव्वा टक्का हो!

नुसते अंक छापून वाचकाला काय कळतं ते मला एकदा सांगाच. २८ एप्रिल १९९२ ला, शेअर दलाल हर्षद मेहताच्या भानगडीत, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला होता. आज ५७० म्हटलं तर कोणी पेपरातून मान वर काढणार नाही, पण तेव्हा ती पावणेतेरा टक्क्यांची आपटी होती. कोविडच्या वेळी २३ मार्च २०२० ला ३,९३४ अंक गेले, ते १३ टक्के. म्हणजे दोन्ही पडझडी जवळपास सारख्याच. आणि ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल, ४,३९० अंक, पण टक्के पावणेसहाच. तुमच्या हेडिंगच्या हिशेबाने मात्र ४ जून सगळ्यात भयंकर आणि हर्षद मेहता म्हणजे किरकोळ.

आता ४ जूनचं नाव निघालंच आहे तर ऐकाच. आमचे अण्णा, म्हणजे वडील, आयुष्यभर एफडी आणि पोस्टाच्या पलीकडे गेले नाहीत, मीच मागे लागून लागून थोडे पैसे इक्विटी फंडात, म्हणजे शेअर्समध्ये पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाकायला लावले. ५ जूनला सकाळी तुमचा पेपर आला, ३१ लाख कोटी बुडाले म्हणून, आणि साडेसातला माझा फोन वाजला. "अरे सगळं जायच्या आत काढ." मी म्हटलं अण्णा निकालाचा धक्का आहे, दोन दिवस थांबा, तुम्हाला त्या पैशांची आत्ता गरज पण नाहीये. तर म्हणाले, "तुला पेपरवाल्यांपेक्षा जास्त कळतं का?" यावर काय बोलणार! मी ऐकत नाही म्हटल्यावर धाकट्या भावाला घरी बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून दुपारी तीनच्या आत रिडेम्प्शन, म्हणजे पैसे काढायचा अर्ज, टाकून मोकळे झाले. वर्ष व्हायचं होतं म्हणून एक टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचा आकार) कापला, जो काही नफा होता त्यावर शॉर्ट टर्मचा टॅक्स बसला तो वेगळा, आणि शुक्रवारी ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ ला बंद झाला. निकालाच्या आदल्या दिवशी होता ७६,४६९. म्हणजे तीन दिवसांत सगळं भरून निघून वर थोडं जास्तच. जुलैमध्ये ८० हजार, सप्टेंबर संपता संपता ८५ हजारांच्या पुढे. अण्णांचे पैसे तोवर सेव्हिंग खात्यात.

शनिवारचा तुमचा अंक मी मुद्दाम शेवटपर्यंत चाळला. म्हटलं, बुडालेल्या ३१ लाख कोटींपैकी बरेचसे मिळाले परत, तर छापलं असेल ना तेवढ्याच मोठ्या टायपात. आत खाली कोपऱ्यात दोन कॉलम, 'बाजारात तेजीचे वातावरण'. डोक्याला हात लावणारा माणूसही नव्हता, त्या दिवशी त्याला सुट्टी दिली असावी.

आणि मुळात हे लाख कोटी असतात कोणाचे? शेवटचा सौदा ज्या भावाला झाला त्या भावाने कंपनीच्या झाडून सगळ्या शेअर्सना गुणायचं, आणि बीएसईवर, म्हणजे मुंबई शेअर बाजारात, नोंदलेल्या सगळ्या कंपन्यांची अशी बेरीज करायची, झाला तुमचा आकडा. सेन्सेक्स ३० कंपन्यांचा, लाख कोटी हजारो कंपन्यांचे, पण हेडिंगमध्ये दोन्ही एका दमात. त्या दिवशी खरोखर विकले गेलेले शेअर्स त्यातले किती असतात? चिमूटभर. सोसायटीत एकाने अडचणीत फ्लॅट स्वस्तात विकला म्हणून बाकीच्या सगळ्यांचे पैसे बुडाले असं तुम्ही छापाल का? शिवाय यातला केवढा तरी हिस्सा प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, जे विकायला बसलेलेच नसतात. एलआयसीचंच घ्या, २०२२ च्या मे महिन्यात आयपीओ (लोकांना पहिली शेअर विक्री) आला तेव्हा ९६.५ टक्के शेअर्स सरकारनेच ठेवले होते. म्हणजे एलआयसीचा शेअर पडला की जे 'गुंतवणूकदार' बुडतात ते बहुतेक सगळे केंद्र सरकार. सरकारने तर काही तीनच्या आत रिडेम्प्शन टाकलेलं ऐकिवात नाही.

खरे पैसे कुठे जातात तेही सांगतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावांवर लावलेल्या सौद्यांमध्ये) उतरणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटाच झाला, मिळून १.८ लाख कोटींपेक्षा जास्त. हे कागदावरचे नाहीत, हे खात्यातून गेलेले, परत न येणारे. सामान्य माणसांचे. ती बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर हाताच्या पंजाएवढी होती आणि तिच्या शेजारीच 'ऑप्शन्स ट्रेडिंग शिका, घरबसल्या कमवा' अशी जाहिरात! जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मान्य, पण जरा दुसऱ्या पानावर तरी टाकायची होतीत.

बरं, हे मी पहिल्यांदा लिहीत नाहीये. मागे याच विषयावर पत्र पाठवलं होतं, छापलंत त्याबद्दल आभार, पण अर्धं कापून आणि वर मथळा काय दिलात, 'घसरणीने गुंतवणूकदार धास्तावले'. मी लिहिलं होतं धास्तावू नका! ओळखीच्या चार लोकांनी फोन करून विचारलं, तुझे किती गेले रे.

तर मागणं एवढंच की अंक छापाल तिथे शेजारी टक्के छापा, एवढीशी जागा लागते. आणि पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचंच असेल तर आकडे ठेवा आणि अण्णांचा किस्सा काढून टाका, ते अजूनही तुमचाच पेपर घेतात.

आपला,
एक जुना वाचक