तो मग स्वयंपाकघरातून काढून ठेवा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या पंचाहत्तरीला मी परभणीला पाठवलेल्या चिनीमातीच्या मगाविषयी हे पत्र आहे. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट अर्धवट ऐकली जाऊ नये, म्हणून लिहिते आहे. बाबा, कृपा करून त्या मगातून चहा घेणे आजपासून बंद करा.

जुनी छायाचित्रे मगावर छापून देणाऱ्या एका दुकानातून मी तो ऑनलाइन मागवला होता. चित्राखाली ‘जुने लखनौ, १८५८’ एवढेच लिहिलेले होते. पडका वाडा, खांब, पुढे काही माणसे आणि एक घोडा दिसला, आणि आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हे आवडेल असे मला वाटले. ‘ही आपल्याकडची कुठली गढी आहे का गं?’ असे आईने विचारले होते, तेव्हाही मी नीट पाहिले नाही.

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या ग्रंथालयात छायाचित्रणाच्या इतिहासावरचे एक पुस्तक चाळताना तेच चित्र पूर्ण आकारात समोर आले. ती लखनौची सिकंदर बाग आहे, अवधचा नवाब वाजिद अली शाह याने आपल्या बेगमेसाठी बांधलेली. १८५७ च्या उठावात, १६ नोव्हेंबर रोजी, ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेतील ९३ वी हायलँडर्स आणि चौथी पंजाब या पलटणींनी त्या चार भिंतींत कोंडल्या गेलेल्या सुमारे २००० बंडकरी शिपायांना ठार केले. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने पुढच्या वर्षी तेथे जाऊन हे चित्र घेतले, आणि त्याच्या मूळ शीर्षकात ‘२००० बंडखोरांच्या कत्तलीनंतर’ असे उघड म्हटलेले आहे. मगावर अंगणात दगडगोटे पडल्यासारखे जे दिसते, बाबांच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना जे दिसलेही नसेल, ती माणसांची हाडे आणि कवट्या आहेत.

काचेवर ओले रसायन लावून चित्र घेण्याच्या त्या काळात धावती लढाई टिपता येत नसे, त्यामुळे छायाचित्रकार लढाई संपल्यावर पोहोचत असत. पण येथे त्याहून वाईट घडले. तेव्हा लखनौत असलेल्या जॉर्ज कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवले आहे, की झाकून टाकलेले ते मृतदेह बेआतोने छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करायला लावले.

हे वाचताना मला गोदावरीकाठचे गंगाखेड आठवले. आजोबांच्या अस्थींचे मडके बाबांनी परभणीपासून घाटापर्यंत मांडीवर धरले होते, वाटेत एकदाही खाली टेकवले नव्हते. सिकंदर बागेतल्या त्या शिपायांपैकी कोणाला अग्नी हवा होता, कोणाला माती. त्यांची हाडे महिनोन्महिने अंगणात राहिली आणि आता ती मगावर आली आहेत. चित्र आडवे असल्यामुळे ते मगाभोवती गुंडाळलेले आहे, आणि मग हातात धरला की बोटे बरोबर खालच्या भागावर, म्हणजे त्या हाडांवरच टेकतात. उष्णतेने दाबून छापलेला तो रंग घासूनही जात नाही. आई, तू तो रोज घासून पालथा घालतेस, हे मनात आले की मला फार अपराधी वाटते.

बाबा, आम्हाला सहलीला औरंगाबादला नेले होते तेव्हा वेरूळच्या आधी तुम्ही क्रांती चौकात काळ्या चबुतऱ्याजवळ गाडी थांबवली होती. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या, पहिल्या घोडदळाने औरंगाबादेत बंड केले, पुण्याहून जनरल वुडबर्नची ब्रिटिश फौज आली आणि पकडलेल्या शिपायांना तेथे मारण्यात आले, हे सांगताना तुम्ही आम्हा मुलांना चपला काढायला लावल्या होत्या. तुम्ही ज्यांच्यासाठी आम्हाला अनवाणी उभे केले, त्यांच्याच लढ्यातल्या सोबत्यांच्या चित्रातून मी तुम्हाला चहा प्यायला दिला.

ते छायाचित्र नाहीसे व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. ते पुस्तकात असावे, मूळ शीर्षकासह असावे, मुलांनी पाहावे. शीर्षक पुसून, त्याची भेटवस्तू करून विकणे मात्र मला सहन होत नाही. दुकानाला मी तसे कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

आई, तो मग कचऱ्यात टाकू नकोस आणि कोणाला देऊही नकोस. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून बाबांच्या पुस्तकांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेव. बाबांना चहा त्यांच्या नेहमीच्या कपबशीतच दे. दिवाळीला मी येईन तेव्हा त्याचे काय करायचे ते ठरवू. गोदावरीत सोडावा असे एकदा मनात आले होते, पण ती चिनीमाती पाण्यात विरघळणार नाही. बाबा, तुम्ही सांगाल तसे करू.

तुमची लेक