माझी गाडी डायनोवर चढवायला नकार देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

त्या दिवशी मी तुमच्याकडून चिडून निघालो होतो. तीन आठवड्यांनी परत आलो, काम झालं, गडबडीत निघून गेलो आणि आभार मानायचे राहिले. ते आज सर्वांसमोर मानतो, कारण फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन पहिल्यांदा डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जाणाऱ्या कुणाच्याही हे कामी येईल.

माझी गाडी सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, मॅन्युअल गिअरबॉक्सची. तुमच्याकडे येण्याआधी मी एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे दोनच चाकांचा डायनो होता. "फ्यूज काढला की फोर व्हील ड्राइव्ह बंद होते, मग पुढची चाकं रोलरवर ठेवू," असं मला सांगितलं गेलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक?"

त्या प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. फ्यूजची ही गोष्ट जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंची आहे. त्यांच्यात एका रिकाम्या जागी फ्यूज काढायचा नसतो, घालायचा असतो. मग मागच्या चाकांकडे जाणारा क्लच सुटतो. ती सोय छोटं स्टेपनी चाक लावून हळू घरी पोहोचण्यासाठी दिलेली आहे. माझ्या मॅन्युअल गाडीत असा क्लचच नाही. तिथे मधलं डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, आणि त्याला जोडलेलं व्हिस्कस कपलिंग आहे, म्हणजे घट्ट सिलिकॉन द्रवात बुडालेल्या पातळ चकत्या. फ्यूज काढून त्यांना काही कळत नाही.

मग तुम्ही पेनाने कागदावर आकृती काढत मला समजावलंत: पुढची चाकं रोलरवर फिरतायत, मागची जमिनीवर थांबलीयत. अशा वेळी मधलं डिफरन्शिअल पुढच्या बाजूला दुप्पट वेगाने फिरवतं आणि तो सगळा फरक व्हिस्कस कपलिंगवर पडतो. द्रव घासून तापतो, फुगतो, चकत्या जवळजवळ जखडतात, आणि थांबलेली मागची चाकं गाडीला रोलरवरून पुढे ढकलू लागतात. गाडी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर ताण येतो तो तेव्हा. मी विचारलं, मग मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवला तर? तुम्ही मान हलवलीत. मागचं टोक मोकळं सुटलं की पुढे जाणारी सगळी ताकद त्या कपलिंगमधूनच पेलावी लागते, म्हणजे ते आणखी लवकर जळतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे चारही चाकांचा डायनो होता, पुढचे आणि मागचे रोलर एकमेकांशी जोडलेले. मला वाटलं, आता काम झालं. तेवढ्यात तुम्ही मोजपट्टी घेऊन खाली बसलात आणि एकेका टायरभोवती ती फिरवलीत. मागचे दोन टायर मी नुकतेच नवे घातले होते, साधारण ८ मिलिमीटर खोल नक्षीचे. पुढच्यांची ३ उरली होती. फरक ५ मिलिमीटरचा दिसतो, पण परिघात तो ३१ मिलिमीटर होतो. सुबारू परिघात सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचाच फरक मान्य करते, हेही तुम्हीच सांगितलंत. रोलर कितीही जुळलेले असले तरी लहान टायर जास्त फेरे घेतो, मोठा कमी, आणि मधलं कपलिंग सतत घासत राहतं. रस्त्यावरही ते तसंच घासत होतं, मला फक्त माहीत नव्हतं.

"चारही सारखे करून या," एवढंच म्हणालात. पैसे न घेता गाडी परत पाठवलीत. मी चिडलो. आज सांगतो, दादा, माझा गिअरबॉक्स त्या नकारामुळे वाचला.

दुसऱ्या वेळी मी तुमचं काम नीट पाहिलं. पट्टे चारही कोपऱ्यांतून बांधलेत, पण टायर दाबले जातील इतके आवळले नाहीत. टायर जास्त दाबला गेला तर तो तापतो आणि आकडाही खोटा येतो. चाक घसरलं की ताकद कमी करणारं ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलंत. मोठा पंखा इंटरकूलरसमोर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागासमोर, लावलात आणि एक छोटा गाडीखाली, कारण रस्त्यावर गिअरबॉक्सला आणि मागच्या डिफरन्शिअलला लागणारा वारा इथे मिळत नाही. मग पूर्ण ताकद लावण्याआधी माझ्याकडून ताशी ५० किलोमीटरने नुसती गाडी फिरवून घेतलीत आणि पडद्यावर पुढच्या-मागच्या रोलरचे वेग बघत राहिलात. दोन्ही आकडे बरोबर चालतायत याची खात्री पटल्यावरच पुढे गेलात. हे मला सगळ्यांत आवडलं. घाई करावीशी वाटते ती नेमकी तिथेच.

चौथा गिअर का, हेही तेव्हा समजलं. त्याचं गुणोत्तर एकास एकच्या सर्वांत जवळ असतं. दुसऱ्या गिअरमध्ये चाकांवरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कितीतरी वाढतो, शाफ्टवर झटका बसतो आणि टायर रोलरवर घसरतात.

पहिल्या फेरीत इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांच्या पुढे गेलं आणि आलेख खाली वाकला. मला वाटलं, आणखी एकदा दाबून बघू. तुम्ही गाडी थांबवलीत, बॉनेट उघडलंत. इंटरकूलरच्या नळीचा क्लॅम्प सैल होता, बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळत होता. तो आवळला आणि दुसऱ्या फेरीत रेष सरळ वर गेली.

फेरी संपली की ब्रेक मारायचा नाही, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. क्लच दाबा, हात स्टिअरिंगवर सरळ ठेवा, रोलर आपोआप उतरू द्या, उरलेलं डायनोचा ब्रेक बघेल. गाडीच्या ब्रेकमध्ये पुढचा जोर मागच्यापेक्षा जास्त असतो. समोर शेकडो किलोचे रोलर फिरत असताना तो दाबला तर पुढची चाकं आधी थांबायला बघतात, मागची फिरत राहतात, आणि सगळी ओढाताण पुन्हा मधल्या डिफरन्शिअलमध्ये होते. माझा पाय तरीही एकदा ब्रेककडे गेला होता. तुम्ही काचेवर टकटक केलीत म्हणून थांबला.

तीन फेऱ्या झाल्या आणि तुम्ही पुरे म्हणालात. प्रत्येक फेरीनंतर डिफरन्शिअलचं तापमान मोजत होतात. चाकांवरचा आकडा कॅटलॉगपेक्षा कमी दिसल्यावर माझा चेहरा पडला, तेव्हा तुम्ही समजावलंत की कॅटलॉगचा आकडा फ्लायव्हीलवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या टोकावरचा असतो, आणि गिअरबॉक्स, तीन डिफरन्शिअल आणि टायर आपला वाटा घेऊनच बाकीची ताकद रोलरपर्यंत सोडतात. शिवाय वेगवेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात. त्यामुळे इंजिनच्या संगणकातला मॅप, म्हणजे सेटिंग, बदलल्यावर पुन्हा तुमच्याच रोलरवर, हवेचा फरक धरणाऱ्या त्याच हवामान दुरुस्तीने मोजणार आहे.

तो आलेखाचा कागद मी गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. शेजारी एक मोजपट्टी टांगलीय, दर महिन्याला चारही टायर मोजतो. परवा सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान टायरच्या परिघातला फरक ४ मिलिमीटर होता. ६ व्हायच्या आत पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून येतो, दादा. पुढची तारीख तुम्ही सांगाल ती.

तुमचा,
निळ्या इम्प्रेझाचा मालक