तापासोबत मान आखडली, तर सकाळची वाट पाहू नका

महोदय,

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून शिक्षणासाठी सोलापुरात येऊन वसतिगृहांत दाटीने राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी मेंदूच्या आवरणाला जिवाणूंमुळे येणाऱ्या सुजेची, म्हणजेच मेनिंजायटिसची, माहिती अवश्य करून घ्यावी. आपल्याकडे ताप आणि डोकेदुखी दिसली, की ‘ऊन लागले असेल’ म्हणत गोळी देऊन मुलाला झोपवतात. परंतु त्यासोबत मान आखडणे, उजेड सहन न होणे, उलट्या किंवा असंबद्ध बोलणे आढळल्यास २४ तासांच्या आतही जीव जाऊ शकतो, म्हणून मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. काचेचा पेला दाबूनही न फिकटणारे जांभळट पुरळ तर अत्यंत गंभीर. हा आजार करणाऱ्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची मेनिंगोकॉकल लस सरकारच्या नियमित लसीकरणात नाही. तिच्याविषयी डॉक्टरांना पालकांनीच आवर्जून विचारावे.

– एक पालक, सोलापूर