"माझ्यासाठी सगळे सारखेच": कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत पंधरा जणांची टीम सांभाळतो. "माझ्यासाठी सगळे सारखेच" हे वाक्य मी वर्षानुवर्षं मोठ्या तोऱ्यात म्हणत आलो. आमची मणिपूरची एक सहकारी तीन वर्षं जिन्यात बसून डबा खात होती, हे मला तिने राजीनामा दिला तेव्हा कळलं. डब्यात आंबवलेले बांबूचे कोंब असायचे. वासावरून कुणीतरी नाक मुरडलं होतं. (त्याच कॅन्टीनमध्ये आमची सुकट बिनबोभाट चालते.) गळ्यात आयकार्ड असूनही गेटवर तिला "कुठल्या देशाची?" असं विचारलं जाई. 'चिंकी' हा शब्द तर मीही ऐकला होता, थट्टा समजून सोडून दिला. आणि तिच्या अप्रेझलमध्ये मीच लिहिलं होतं: "टीममध्ये मिसळत नाही."

सगळ्यांना सारखं धरलं, म्हणून हे एकटीच्याच वाट्याला येतंय ते मला दिसलं नाही.

तक्रार करायची तरी कुठे? लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, दहा कर्मचारी असले की अंतर्गत समिती नेमावीच लागते. वंशावरून हिणवलं तर काय, यावर आमच्या एचआरकडे साधा फॉर्मही नाही. संविधानाच्या १६ व्या कलमात 'वंश' हा शब्द आहे, पण ते कलम सरकारी नोकरीपुरतं. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा एक विद्यार्थी मारहाणीनंतर दगावला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने असं हिणवणं गुन्हा ठरवणारी कलमं सुचवली होती. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, तरी तशी स्वतंत्र कलमं आलीच नाहीत.

दिल्लीचं दिल्ली बघेल. पण महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आपल्याच विधिमंडळाचा आहे. स्त्री कामगारांशी भेदभाव करू नये, असं त्यात लिहिलेलं आहेच. तिथे वंशाचाही उल्लेख करा, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत बाहेरचा एक तरी माणूस असू द्या. आमच्यासारख्या टीम लीडना तपासायला लावू नका. आम्ही 'थट्टा होती' असंच लिहू.

तो अप्रेझलमधला शेरा बदलून घ्यायला मी एचआरकडे गेलो होतो. वर्ष संपलं की नोंद बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं.

आपला,
हिंजवडीतला एक टीम लीड