हिडकलच्या पाण्यावर साधी प्रवासी बोट हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणावर पर्यटन वाढावे असे सगळेच म्हणतात, पण बोट म्हटली की स्पीडबोटीच डोळ्यांपुढे येतात. मला संथ बोटीविषयी लिहायचे आहे.

दिवाळीनंतर मी आणि यजमान केरळला जाऊन आलो. अलप्पुझाला एक रात्र हाऊसबोटीत काढली. काथ्याने फळ्या शिवलेल्या, एके काळी भात वाहणाऱ्या नावांवरून या बोटी आल्या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती काठाला बांधली, कारण त्यानंतर पाणी जाळी टाकणाऱ्या कोळ्यांचे. ही शिस्त मला फार आवडली.

पण खरे सुख मिळाले ते तिथल्या राज्य जलवाहतूक खात्याच्या अलप्पुझा-कोट्टायम बोटीत. अडीच तासांचा प्रवास, तिकीट अगदी किरकोळ. शेजारी शाळेची मुले, बाजारहाट करून निघालेल्या बाया. पुढे सुकाणूवाला दोरी ओढून घंटी वाजवतो, त्या इशाऱ्यावर मागचा माणूस इंजिन कमी-जास्त करतो. वेंबनाड सरोवर ओलांडताना यजमान रेलिंगला टेकून गप्प उभे होते. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांधाच्या अलीकडे पाणी वर आणि पलीकडे भात खाली, हे आम्ही बोटीतूनच पाहिले. कोट्टायमजवळच्या कालव्यात तर काठावरच्या माणसाने दोर ओढून पूल उचलला, तेव्हा बोट पुढे गेली.

आम्ही निपाणीकर नदीला ओळखतो ती महापुरामुळे. २०१९ आणि २०२१ साली यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, ते अजून आठवते. माझ्या माहेरी दूधगंगेकाठी पूल होण्याआधी माणसे गुळाच्या काहिलीत बसून पैलतीरी जायची, असे आजी सांगायची. आता पाण्यावर जायचे निमित्तच उरलेले नाही.

हिडकलचा फुगवटा पावसाळ्यानंतर दूरवर पसरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि भाविक दर्शनाला जातात. धरण भरलेले असते त्या महिन्यांत काठच्या गावांना जोडणारी, ठरल्या वेळेला सुटणारी एक तिकिटाची बोट का असू नये? बेळगाव शहर हेच पाणी पिते, त्यामुळे डिझेलचे इंजिन मुळीच नको. केरळातल्या वैकोम ते तवणक्कडवु मार्गावर जानेवारी २०१७ पासून ७५ आसनांची ‘आदित्य’ ही बोट सौरऊर्जेवर चालते आहे. तशी छोटी बोट इथेही चालेल.

मात्र सुरक्षेत सूट नको. त्याच केरळात मे २०२३ मध्ये तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट उलटली आणि २२ जीव गेले, त्यात कितीतरी लेकरे होती. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही बोटीत चढू देऊ नये, आणि आसने भरली की तिकीट खिडकी बंद व्हावी, मग आमदारांचे पाहुणे का असेनात.

बोटीवरची नोकरी आधी धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना द्यावी. मासेमारी करणाऱ्यांना विचारूनच मार्ग आखावा. आणि धक्क्यावरच्या वेळापत्रकात कन्नडच्या शेजारी मराठीही असावी, म्हणजे आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना कुणाला विचारत बसावे लागणार नाही. पाटबंधारे आणि पर्यटन खात्याने पुढच्या पावसाळ्यात धरण भरण्याआधी याचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, निपाणी (जि. बेळगाव)