ऑर्डर तोंडी, खुलासा मात्र लेखी

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण राधानगरीचे. घाटाकडच्या वाड्यांवरून अपरात्री बाळंतीण दवाखान्यात कशी आणतात, हे आपल्याला सांगायला नको. मी सरकारी सेवेतून निवृत्त झालेली परिचारिका, कोल्हापुरात राहते. मागणी एकच आहे: सिस्टर जे काम करतेच, त्याचा अधिकार तिला लेखी द्या.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, की सिस्टर एका हातानं पोटावरून गर्भाशय चोळत राहते. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, सलाईन, १०८ ला कॉल आणि त्यातच डॉक्टरांना फोन, कारण औषध द्यायला त्यांची ऑर्डर हवी. पावसाळ्यात रेंज गेलेली असते. ती थांबत नाही, थांबली तर बाई हातची जाते. केसपेपरवर ‘फोनवरून सांगितल्याप्रमाणे’ असं लिहायचं, सकाळी सही होते. सगळं नीट झालं तर कुणी विचारत नाही. जरा कुठं तक्रार झाली, की खुलासा सिस्टरनं द्यायचा. मीही दिलाय, आणि त्या वेळी बाई आणि बाळ दोघंही सुखरूप घरी गेली होती.

आमच्या कामाची हद्द कायम सरकतच आली आहे. रक्तदाब मोजणं, शिरेत सुई घालणं हीसुद्धा एके काळी फक्त डॉक्टरांची कामं होती. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी तर उपकेंद्रातल्या एएनएमलाही (साहाय्यक परिचारिका-प्रसविकेलाही) ऑक्सिटोसिन द्यायची, झटके आलेल्या बाईला पुढं पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदाही झाला. दिल्लीच्या कागदावर असलेली ही मुभा लेबर रूममधल्या सिस्टरच्या हातात का नाही?

डॉक्टरांचं काम काढून घ्या, असं मी म्हणत नाही. गुंतागुंत त्यांनीच बघावी. पण ते पोचेपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं कुणाची, हे ठरवा. रक्तस्राव, झटके, न रडणारं बाळ, सर्पदंश, विषबाधा: प्रत्येकासाठी कोणतं औषध, किती डोस, कधी रेफर, हे राज्य शासनाच्या सहीनं छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा. दरवर्षी त्याचं प्रशिक्षण द्या. आणि त्या कागदाप्रमाणे वागलेल्या सिस्टरकडं खुलासा मागू नये, हे त्याच कागदावर लिहा. सुरुवात आपल्या जिल्ह्यातून, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडपासून करा.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, कोल्हापूर